राणी कलरचं गोंदण

माझ्या सासूबाईंना मेल्यावर भिंतीला लावायला एक फोटो हवा होता. हे त्या इतकं सरळ बोलून दाखवायच्या की आलेले पाहुणे चहाचा कप हातात धरून गप्प बसायचे. "घरात समदं हाय, फोटू तेवढा न्हाई," असं म्हणायच्या, जणू बाजारातून आणायचं राहून गेलेलं सामान.

त्याला कारण होतं. माझ्या सासऱ्यांचा एकही फोटो नाही. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कडेगावच्या पलीकडच्या माळावरून मेंढरं घेऊन सासरे दरवर्षी नदीकाठच्या मुलखात उतरायचे, आणि एका साली तिकडेच तापाने गेले. फोटो काढावा असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आलाच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या यजमानांना वडिलांच्या मिशा आठवतात, बाकी चेहरा आठवत नाही. माझ्या लेकीने लहानपणी एकदा विचारलं, आजोबा कसे दिसायचे? सासूबाई सांगायला बसल्या. नाक असं, कपाळ असं, हसले की एक डोळा बारीक व्हायचा. बराच वेळ सांगितलं आणि मग एकदम थांबून म्हणाल्या, "न्हाई येत गं सांगायला." तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या फोटोचं मनावर घेतलं होतं. आपलंही तसंच होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

आम्ही माधवनगरला राहतो. हे मागावर कामाला जातात. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. गुडघे दुखायला लागल्यावर सासूबाई गाव सोडून आमच्याकडे आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी फोटोचा लकडा लावला. म्हणून आम्ही त्यांना सांगलीत एका स्टुडिओत घेऊन गेलो. नवं लुगडं, केसांना तेल, सगळं केलं. चार दिवसांनी फोटो आणायला आम्ही दोघी गेलो. मी चारचौघांत बोलत नाही, मला बोलताच येत नाही. सासूबाईच काचेच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने मोठ्या हौसेने फ्रेम पुढे केली. मागे निळा पडदा, कोपऱ्यात गुलाबाचं फूल, आणि मध्ये एक गोरी, गुळगुळीत म्हातारी.

सासूबाईंनी ती फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ही कुणाची म्हातारी?"

"आज्जी, तुम्हीच की! थोडं क्लीन केलंय कॉम्प्युटरवर."

"माझं गोंदाण कुठं गेलं?"

"ते होय? मला वाटलं डाग आहेत."

"डाग तुझ्या आज्जीला," सासूबाई म्हणाल्या आणि फ्रेम टेबलावर पालथी घालून चालायला लागल्या.

त्यांच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ आहे आणि तिच्या खालच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. हनुवटीवर आणखी तीन ठिपके. सगळं हिरवं, आता काळपट झालेलं. फोटोवाल्याने ते सगळं काढून टाकलं होतं. परत येताना बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "त्यो फोटू भितीला लावला आसता तर पोरं दुसऱ्याच बाईच्या पाया पडली आसती."

माझी लेक तेव्हा सांगलीत चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी ती काय करते आहे ते मला नीट कळत नव्हतं. हे मागावरून डागी कापडाचे तुकडे आणायचे, ती ते धुऊन, इस्त्री करून ठेवायची. एक लाकडी चौकट होती, तिला बारीक जाळी ताणून बसवलेली. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये तिचं काम चालायचं. घरात रंगाचा वास यायचा आणि तिच्या नखांत रंग असायचा, एवढंच मला माहीत.

एका दुपारी वारं सुटलं म्हणून मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

आमच्या कपडे वाळवायच्या दोरीवर राण्या होत्या.

दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडं चिमट्याने लावलेली, एकेक कापड अर्ध्या दाराएवढं, आणि प्रत्येकावर एक मोठं तोंड. पहिली कुठल्याशा परदेशातली राणी होती, डोक्यावर मुकुट, गळ्यात माळा. तिचं तोंड चिंतामणी रंगाचं होतं. खरंच. ज्या निळ्या साड्यांना फॉल शोधता शोधता माझा जीव जातो, तो चिंतामणी. ओठ पोपटी. मुकुट राणी कलरचा. आमच्या साडीच्या धंद्यात त्या भडक गुलाबी रंगाला राणी कलर म्हणतात, पण खऱ्या राणीच्या डोक्यावर मी तो पहिल्यांदा बघितला. तिच्या शेजारी तीच राणी पुन्हा, आता तोंड आमसुली आणि मुकुट पिवळा. पुन्हा तीच, पुन्हा तीच, चारदा. मग सिनेमातली एक नटी, मान मागे टाकून हसणारी, तीही चारदा, एकीकडे दात निळे तर एकीकडे केस केशरी. आणि शेवटी आपल्याकडच्याच कुठल्या संस्थानच्या जुन्या महाराणीसाहेब. डोईवर पदर, नाकात मोत्यांची नथ. त्यांचा पदर एका कापडावर मोरपंखी, दुसऱ्यावर डाळिंबी, तिसऱ्यावर अबोली. रंग कडांवर थोडे सरकले होते, त्यामुळे त्या हलतात असं वाटत होतं. वाऱ्याने कापडं फुगत होती. सगळ्या जणी एकदम श्वास घेत होत्या.

माझा हात आपोआप वर गेला आणि मी डोक्यावर पदर घेतला. महाराणीसाहेबांसमोर बोडक्या डोक्याने कसं उभं राहायचं?

मी किती वेळ तिथे होते मला सांगता यायचं नाही. माझं सगळं आयुष्य रंग लपवण्यात गेलंय. फॉल साडीच्या रंगात असा मिसळला पाहिजे की लावलाय हे कुणाला कळता कामा नये. तेच चांगलं काम. इथे एकही रंग लपत नव्हता. कुणी कुणाला जुळत नव्हता, आणि तरी तोंड तोंडच राहिलं होतं. राणी निळी झाली म्हणून तिची राणीपणाची ऐट गेली नव्हती. नटीचे दात निळे झाले म्हणून तिचं हसणं कमी झालं नव्हतं. हे माझ्या पोटच्या पोरीने केलंय यावर माझा विश्वास बसत नव्हता. देवळात पहिल्यांदा समई लावलेली बघितल्यावर लहानपणी जसं वाटलं होतं, थोडं तसं वाटलं.

लेक शेडमधून बाहेर आली. "आई, रडतेस का?"

"वारं आहे," मी म्हटलं.

तिने मला सांगितलं की परदेशात काही चित्रकारांनी ही रीत काढली. राजेराण्या, नटनट्या, ज्यांची तोंडं सगळ्यांना पाठ आहेत ती घ्यायची, आणि साबणाच्या वेष्टनावर छापतात तशी भडक रंगात पुन्हा पुन्हा छापायची. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात तिला हे मांडायचं होतं. मला सगळं कळलं असं नाही. पण साबणाच्या वेष्टनावरची बाई आणि राणी एकाच चौकटीतून निघतात, हे कळलं.

सासूबाईंना मी खाली जाऊन सांगितलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी म्हटलं, "आत्या, वर राण्या आल्यात." त्या बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत वर आल्या. मी आणि लेक दोन्हीकडून धरायला गेलो तर हात झटकला. वर आल्यावर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी दोरीवरच्या बायकांची चौकशी सुरू केली.

"ही कुणाची?"

"परदेशातली राणी आहे आज्जी."

"माहेर कुठलं म्हनायचं?"

"मला काय माहीत तिचं माहेर!"

"चित्र काढलंस आन माहेर ठावं न्हाई? आन ही दात काढून हसतीया ती?"

"नटी आहे. सिनेमातली."

"म्हणूनच. सासू न्हाई दिसत जवळ." मग महाराणीसाहेबांकडे बघून त्यांनी हात जोडले. "ह्या वळकीच्या वाटत्यात. कपाळावर काय हाय गं त्यांच्या? गोंदाण?"

"कुंकू आहे आज्जी, चंद्रकोर."

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. पुन्हा परदेशी राणीकडे, पुन्हा महाराणीसाहेबांकडे. मग म्हणाल्या, "ह्यांचं काय बी पुसलं न्हाईस तू. नाकावरचा मस बी तसाच ठेवलास."

"पुसायचं कशाला? उलट मोठं करायचं."

"मग मला बी कर," सासूबाई म्हणाल्या. "असंच. हिरवं त्वांड कर न्हाईतर निळं कर. मी मेल्यावर ह्योच लावा."

लेकीला वाटलं आजी चेष्टा करते. मला माहीत होतं, त्या चेष्टा करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात लेकीने त्यांना शेडच्या दाराशी बसवलं आणि मोबाईलवर फोटो काढला. सासूबाईंनी विचारलं, "हसू का?" लेक म्हणाली, "नको, आहेस तशी बस. लांब बघ." त्या लांब बघायला लागल्या. आमच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्च्याच दिसतात, पण त्यांनी डोळे असे बारीक केले जणू माळावर कुठेतरी कळप आहे आणि त्यातलं एक मेंढरू कमी दिसतंय.

छापायच्या दिवशी मी चौकट धरायला होते. जाळीवर रंग ओतायचा, रबराच्या पट्टीने एका दमात अलीकडे ओढायचा, आणि चौकट उचलायची. एकेका रंगाला वेगळी चौकट. आधी तोंडाचा सपाट रंग, मग केस, मग लुगडं, आणि सगळ्यात शेवटी काळा. काळा ओढेपर्यंत कापडावर नुसते डाग असतात, कुणी कुणासारखं दिसत नाही. लेकीने शेवटची पट्टी ओढली आणि मला म्हणाली, "उचल." मी चौकट उचलली. खाली सासूबाई होत्या. त्यांचं नाक, त्यांच्या गालाच्या घड्या, लांब बघणारे डोळे. मी त्यांना इतक्या वर्षांत रोज बघितलंय, त्यांची वेणी घातलीय, पाय दाबलेत. पण असं समोरून, नजर न वळवता, त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. सुनेने बघायचं नसतं. आता त्या कापडावर होत्या आणि मी पोटभर बघितलं. त्या महाराणीसाहेबांपेक्षा कणभरही कमी नव्हत्या.

चार कापडं झाली. पहिल्यावर तोंड पिवळं, दुसऱ्यावर आमसुली, तिसऱ्यावर आकाशी. गोंदण या तिन्हींवर हिरवं किंवा काळं. चौथ्यावर लेकीने तोंडच पोपटी केलं होतं. हिरव्यावर हिरवं गोंदण दिसलं नसतं, म्हणून तिने गोंदणाला राणी कलर दिला. रेघ, ठिपका आणि हनुवटीचे तीन ठिपके, सगळे लखलखत होते. तिने काही ठरवून केलं नव्हतं. रंगाला रंग उठून दिसावा, एवढंच.

संध्याकाळी हे कामावरून आले. लेकीने खालच्या खोलीत चारी कापडं भिंतीशी उभी करून ठेवली होती आणि बल्ब लावला होता. ह्यांनी पहिलं बघितलं, हसले. दुसरं, तिसरं बघितलं. "आये, राणी झालीस की," म्हणाले. चौथ्याशी आले आणि हसू गेलं.

"हे काय कपाळाला?"

"गोंदण आहे पप्पा."

"लाल?"

"लाल नाही, राणी कलर आहे."

"मला शिकवू नगंस. लाल हाय."

"आई, तू सांग गं," म्हणून लेकीने माझ्याकडे बघितलं, आणि ह्यांनीही बघितलं. मी खालमानेनेच म्हटलं, "राणीच आहे. बल्बाखाली लाल मारतो."

"बल्बाखाली न्हाईतर उन्हाखाली, दिसतंय तर कुकू," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ह्यांचा राग असाच हळू असतो. "बाप जाऊन इतकी वरसं झाली. भावकी येईल, बघंल. म्हणत्याल, पोरानं आईच्या कपाळाला कुकू लावलं. ती तीन ठेव. ह्ये न्हाई लागायचं भितीला. मी जिवंत हाय तोवर न्हाई."

लेक रडायला लागली. चारांचा संच होता, एक काढलं तर बाकीच्यांना अर्थ नव्हता, असं काहीतरी ती सांगत होती. ह्यांनी चौथं कापड उलटं करून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मला त्या क्षणी एवढंच सुचलं की चहा ठेवावा.

तेव्हा सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "फिरीव त्ये इकडं. माझं त्वांड हाय, मला बगू तरी दे."

ह्यांनी नाइलाजाने फिरवलं. सासूबाई उठल्या, कापडापाशी गेल्या आणि खाली बसल्या. त्यांनी एक बोट त्या रेघेवरून वरून खाली फिरवलं. मग स्वतःच्या कपाळावरून फिरवलं.

"ह्ये मला जत्रंत गोंदलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आयनं माझं डोस्कं गुडघ्यात धरलं हुतं. लय रडले. गोंदणारणीनं गुळाचा खडा दिला तवा गप झाले. तवा तुझ्या बापाचं नाव बी मला ठावं न्हवतं."

त्यांचं बोट अजून कपाळावरच होतं.

"त्यो गेला त्या दिशी बायकांनी माझं कुकू पुसलं. एकीला अंधारात कळंना, तिनं गोंदाण बी कुकू म्हणून घासलं. रगात आलं. पर ते गेलं न्हाई. आन परवा त्या फोटूवाल्यानं नुसत्या बोटानं काढून टाकलं बग." त्या हसल्या. "ह्या पोरीनं ते असं केलंय, आता कुनाला जमायचं न्हाई पुसाय. मला ह्योच पायजे."

"आगं पर लोकांस्नी काय सांगू मी?"

"मी सांगन की. म्हणंन गोंदाण हाय."

"तू मेल्यावर लावायचा हाय न्हवं फोटू? तवा तू कशी सांगणार?"

हे ह्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ते स्वतःच वरमले. सासूबाई मात्र विचारात पडल्या. हा हिशेब त्यांच्या लक्षात आला नव्हता. डोकं हलवत म्हणाल्या, "व्हय, ते बी खरंच." आणि थोड्या वेळाने, "मग आत्ताच लाव की."

"जित्या माणसाचा फोटू लावत्यात व्हय?"

आमच्याकडे लावत नाहीत. लग्नातला जोडीचा फोटो चालतो, पण एकट्या माणसाचा मोठा फोटो भिंतीवर दिसला की तो माणूस गेला, असंच समजायचं. अमक्याचा फोटो लागला म्हणजे अमका गेला, असं आम्ही बोलतोच.

"त्या राण्या समद्या मेल्यात का? ती दात काढणारी मेलीय का?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"नाही आज्जी, नटी आहे जिवंत."

"बग. जित्तेपणी लावा. कोण येईल त्याला मी सांगते. समद्यास्नी सांगून झालं की मग मरते."

हे जेवायला बसले. हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी लेक चारी कापडं गुंडाळून कॉलेजात घेऊन गेली, तेव्हा तिला अडवलंही नाही.

प्रदर्शनाला मी जाणार नव्हते. इतक्या शिकलेल्या लोकांत मी काय करणार? पण सासूबाईंना धरून न्यायला कुणीतरी हवं होतं. कॉलेजचा मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, वर दिवे. आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर सासूबाई. परदेशी राणी डावीकडे, महाराणीसाहेब उजवीकडे, आणि मध्ये आमच्या सासूबाई चारदा. गच्चीवर त्या कापडावर होत्या. इथे त्या गादीवर बसल्यासारख्या दिसत होत्या. पोरंपोरी त्यांच्यासमोर उभी राहून हळू आवाजात बोलत होती. कुणी हसत नव्हतं. मी खांबाआड उभी राहिले आणि तिथूनच बघत राहिले. मेंढरांमागे अनवाणी फिरलेली बाई आणि मुकुटवाली, दोघींना एकाच उंचीवर लावलं होतं, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं.

कॉलेजवाल्यांनी सासूबाईंना चित्राखाली खुर्ची दिली. त्या येणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, सांगत होत्या, "कुकू न्हाई त्ये. गोंदाण हाय." मग त्यांना चहा प्यायला बाहेर नेलं.

लेकीने त्याच दिवशी सकाळी कडेगावला माझ्या नणंदेला फोन केला होता. घरात सगळे तिला आक्का म्हणतात. पोरगी आनंदात होती, म्हणाली, "आक्का, आज्जीचा फोटो लावलाय. लवकर ये, कॉलेजात ये." पुढचं गोंगाटात तिकडे ऐकूच गेलं नाही. आक्काला ऐकू गेलं ते एवढंच, की आईचा फोटो लावलाय आणि लगेच कॉलेजात यायचंय.

आक्का दारातून आली ती पदराचा बोळा तोंडाशी धरून. तिने समोर बघितलं. भिंतीवर चारदा आई, वर दिवे, खाली रिकामी खुर्ची. तिने तिथेच गळा काढला. "आगं माझे आयेऽ, मला न सांगता कशी गेलीस गंऽ!" आणि मटकन खाली बसली. पोरं घाबरून बाजूला झाली. मी खांबाआडून धावले, "वन्सं, आवं वन्सं, तसं न्हाई," पण माझा आवाज माझ्यापाशीच राहिला. आक्का ऊर बडवून रडत होती.

"कोण मेलं गं?" दारातून सासूबाईंनी विचारलं. हातात कागदी कप होता.

आक्काने वळून बघितलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. पुन्हा भिंतीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे.

"रड की," सासूबाई म्हणाल्या. "थांबलीस का? बरं वाटत हुतं ऐकाया."

सगळा हॉल हसला. आक्का रडता रडता हसली, मग आईला दोन शिव्या दिल्या, मग पुन्हा रडली. डोळे पुसून झाल्यावर तिने नीट बघितलं आणि तिचंही बोट चौथ्या कापडाकडे गेलं. "आये, तुझ्या कपाळाला हे..."

"गोंदाण हाय. बस हितं, सांगते."

त्याच वेळी हे दारात दिसले. पाळी संपवून तसेच आले होते, केसांत कापूस. ते आत आले नाहीत. दारातूनच त्यांनी भिंतीकडे बघितलं, राण्यांकडे, आईकडे, आणि खाली बसून बहिणीला सांगणाऱ्या आईकडे. किती तरी वेळ बघत होते. मग बाहेर जाऊन उभे राहिले.

प्रदर्शन संपल्यावर चौथं कापड लाकडी फ्रेममध्ये बसवून घरी आलं. खिळा ह्यांनी ठोकला नाही, लेकीने ठोकला. समोरच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल असा. आलेला माणूस आधी दचकतो, मग खाटेवर सासूबाई दिसल्या की अधिकच दचकतो. सासूबाईंना ते फार आवडतं. दूधवाला, मीटर बघायला येणारा, साडी घेऊन येणाऱ्या बायका, सगळ्यांना त्यांनी गोंदण सांगितलं.

मग एके दिवशी भावकीतले थोरले दीर आले. भावकी काय म्हणेल म्हणून ह्यांनी वाद घातला होता, त्या भावकीतले सगळ्यात मोठे हेच. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दुपारची वेळ, हे घरी होते. मी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी. दिरांनी टोपी काढली, बसले, आणि वर बघितलं.

"काकीच हाय न्हवं ही?"

"व्हय."

"बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. झोपलीय आत."

दीर उठून फ्रेमजवळ गेले. चष्मा नाकावर सारखा केला. "आन कपाळाला ह्ये रं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. मी जमिनीकडे बघत राहिले. आता हे म्हणतील, पोरीचा खेळ आहे. आता म्हणतील, काढून ठेवतो.

"गोंदाण हाय दादा," हे म्हणाले. "जत्रंत गोंदलेलं. तवा माझ्या बापाचं नाव बी तिला ठावं न्हवतं." आणि मग पुढचंही सांगितलं. गुडघ्यात धरलेलं डोकं, गुळाचा खडा, घासताना आलेलं रक्त, सगळं. सासूबाई सांगतात त्याच ओळीने, कुठे थांबायचं तिथे थांबत. दीर फ्रेमसमोर उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते.

मी चहा ठेवला आणि आत आले. सासूबाई जाग्या होत्या. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण कान बाहेर होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर ह्यांचा आवाज चालू होता. त्यांनी डोळे मिटले आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.